भूल देताना शेजारी कोण?

ऑपरेशन ठरलं की वांद्र्यातले माझे रुग्ण हमखास विचारतात, ‘सर्जन कोण?’ भूल देताना शेजारी कोण असेल, हे कुणी विचारत नाही.

आपल्याकडे भूल डॉक्टरच देतात. औषधं, नळ्या, सक्शन सिस्टर तयार ठेवतात. अमेरिकेत प्रशिक्षित परिचारिकाही भूल देतात. त्यांनी १९३१मध्ये संघटना उभारली आणि पाठपुरावा करून १९८६च्या कायद्याने ‘मेडिकेअर’ या सरकारी विम्याकडून थेट मोबदला मिळवला.

महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका मे २०२२मध्ये बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेल्या. संपात शस्त्रक्रिया रखडतात, रुग्णांचे हाल होतात, हे खरंच. पण टेबलावर ऑक्सिजन घसरतो, तेव्हा हाताशी सरावलेली सिस्टरच लागते. सतत बदलणारी माणसं तो सराव कुठून आणणार? म्हणून त्यांची मागणी तुमच्या-आमच्या जिवाचीही आहे.