क्षीण शोषणाचे कालमापनाने निर्धारण

वायूतील अल्पांश घटकाचे शोषण नेहमीच्या रीतीने मोजताना आपाती व पारगत प्रकाशाच्या जवळजवळ समान तीव्रतांमधील अंतर काढावे लागते. लेसरच्या तीव्रतेतील चढउतारांत ते सहज लोपते. ओकीफ व डीकन यांनी १९८८ मध्ये तीव्रतेऐवजी तिच्या क्षयाचा काल मोजला. ९९.९९ टक्के परावर्तन करणारे दोन आरसे १ मीटर अंतरावर समोरासमोर ठेवून त्यांमध्ये लेसरचा स्पंद सोडल्यास, बाहेर झिरपणारा प्रकाश सुमारे ३३ मायक्रोसेकंदांत ३७ टक्क्यांवर येतो. तेवढ्यात आतील प्रकाशाचा १० किलोमीटर प्रवास होतो. शोषक वायूमुळे हा काल घटतो. तो आरंभीच्या तीव्रतेवर अवलंबून नसल्याने स्पंदागणिक होणारे चढउतार बाधक ठरत नाहीत. तथापि आरसे मलिन झाल्यासही काल घटतो; म्हणून शोषणरेषेबाहेरील तरंगलांबीवर तो पडताळून पाहणे अगत्याचे होय.