इंग्रजी वाक्संप्रदाय आणि मराठी अभ्यासक

आपल्याकडील शाळा-महाविद्यालयांतून इंग्रजी वाक्संप्रदाय शिकविण्याची एक ठरलेली पद्धत आहे. वहीच्या पानावर उभी रेघ ओढावयाची, डावीकडे वाक्संप्रदाय आणि उजवीकडे त्याचा अर्थ लिहावयाचा, आणि 'वाक्यात उपयोग करा' या सूचनेनुसार खाली एक वाक्य रचावयाचे. या पद्धतीने विद्यार्थ्याला शेकडो वाक्संप्रदाय पाठ होतात व परीक्षेत गुणही मिळतात. तथापि हाच विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात येऊन स्वतंत्रपणे इंग्रजी लिहू लागला, म्हणजे नेमके हे पाठ केलेले वाक्संप्रदायच त्याच्या लेखनात ठिगळासारखे दिसू लागतात. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उजवीकडच्या रकान्यात जे लिहिले जाते तो वाक्संप्रदायाचा संपूर्ण अर्थ नसून केवळ एक अंश असतो, आणि उरलेला अंश शिकविलाच जात नाही, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

१. रूढी आणि अर्थ

ज्या शब्दसमूहाचा अर्थ त्यातील शब्दांच्या अर्थांची बेरीज करून हाती लागत नाही, त्यास सामान्यतः वाक्संप्रदाय म्हणतात. म्हण हे स्वयंपूर्ण विधान असते; वाक्संप्रदाय हा वाक्याचा घटक असून काळ, पुरुष व वचन यांप्रमाणे तो चालवावा लागतो. या प्रकारच्या अर्थाची मीमांसा आपल्या साहित्यशास्त्रास नवी नाही. अकराव्या शतकातील मम्मटाने लक्षणेची तीन निमित्ते सांगितली आहेत: मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी काही संबंध, आणि रूढी अथवा प्रयोजन. रूढीच्या लक्षणेचे उदाहरण म्हणून त्याने 'कुशल' हा शब्द दिला. कुश नावाचे गवत आणणारा तो कुशल, हा मूळ अर्थ; 'निपुण' हा रूढीने आलेला.

चौदाव्या शतकात विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त या उदाहरणावर घेतलेला आक्षेप भाषाशिक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे. शब्द बनण्याचे निमित्त वेगळे आणि तो योजला जाण्याचे निमित्त वेगळे, असे त्याचे म्हणणे. 'गो' शब्द 'जाणे' या अर्थाच्या धातूपासून आला, म्हणून निजलेल्या गाईला 'गाय' म्हणण्यासाठी कोणी लक्षणेचा आश्रय करीत नाही. व्युत्पत्तिनिमित्त आणि प्रवृत्तिनिमित्त यांतील हा भेद इंग्रजी वाक्संप्रदायांना तंतोतंत लागू पडतो.

२. उत्पत्तिकथांचे आकर्षण

वाक्संप्रदाय स्मरणात राहावा म्हणून शिक्षक त्याची उत्पत्तिकथा सांगतात. पुष्कळ कथा निराधार असतात. 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' याबद्दल असे सांगितले जाते, की जुन्या इंग्रजी घरांच्या गवती छपरांत कुत्री-मांजरे राहत व अतिवृष्टीत ती खाली घसरत. या कथेस कोणताही पुरावा नाही. हा प्रयोग जोनाथन स्विफ्टच्या १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या संवादसंग्रहात आढळतो, आणि त्याची पूर्वरूपे सतराव्या शतकातही मिळतात. स्विफ्टचा तो ग्रंथ शिष्टसमाजातील शिळ्या, ठरावीक बोलण्याची थट्टा करण्यासाठी लिहिलेला आहे, हे येथे लक्षणीय आहे. पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच जो प्रयोग गुळगुळीत झालेला होता, तो आपल्या मार्गदर्शिकांत आजही अग्रस्थानी असतो.

उलट काही कथा निःसंशय खऱ्या आहेत. 'टु रीड द रायट अॅक्ट' या प्रयोगामागे इंग्लंडात १७१५ साली अमलात आलेला दंगलप्रतिबंधक कायदा आहे. बारा किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव जमल्यास अधिकाऱ्याने या कायद्यातील घोषणा मोठ्याने वाचावयाची आणि तासाभरात जमाव पांगला नाही तर पुढील कठोर कारवाई करावयाची, अशी त्यात तरतूद होती. हा कायदा आज अस्तित्वात नाही. प्रयोग मात्र जिवंत आहे, आणि त्याचा अर्थ खडसावून ताकीद देणे असा आहे. एखादी आई पसारा करणाऱ्या दोन मुलांना 'रायट अॅक्ट' वाचून दाखवू शकते. तेथे ना जमाव, ना अधिकारी, ना तासाची मुदत. म्हणजे व्युत्पत्ती खरी असूनही तिच्यावरून उपयोग कळत नाही. 'मुसळधार' पाऊस म्हणताना मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मुसळ उभे राहत नाही, तसेच हे. उत्पत्तिकथा स्मृतीस साहाय्य करते. ती अर्थाची जागा घेऊ शकत नाही.

३. प्रसंग आणि पायरी

'टु किक द बकेट' याचा अर्थ आपल्या याद्यांत 'मरणे' असा दिलेला असतो. 'टु पास अवे' याचाही तोच, आणि 'टु ब्रीद वन्स लास्ट' याचाही तोच. विद्यार्थ्याने यांपैकी कोणता केव्हा वापरावा, याविषयी यादी मौन पाळते. मराठीत असा प्रश्न आपणांस पडत नाही. देवाज्ञा होणे, कैलासवासी होणे, राम म्हणणे, खपणे, गचकणे या साऱ्यांचा वाच्य विषय एकच असला, तरी मृत व्यक्ती कोण, बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, यांवरून योग्य प्रयोग आपल्या तोंडी आपोआप येतो. गुरुजनांच्या निधनाची वार्ता देताना 'गचकले' असे लिहिणारा मनुष्य भाषा जाणत नाही असे आपण म्हणणार नाही. त्यास माणुसकी नाही असे म्हणू.

'किक द बकेट' हा प्रयोग नेमका 'गचकणे' या पायरीवरचा आहे. फ्रान्सिस ग्रोस याने १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्राम्य भाषेच्या कोशात त्याची नोंद आहे. ग्राम्य शब्दांच्या कोशात त्यास स्थान मिळाले, यातच त्याची पायरी स्पष्ट होते. सांत्वनपत्रात तो योजणाऱ्या विद्यार्थ्याने यादीचे पालन केलेले असते, पण पत्र वाचणाऱ्याचे मन मात्र दुखावलेले असते. येथे व्याकरणाची चूक नाही, अर्थाचीही नाही; चूक औचित्याची आहे. आणि व्याकरणाची चूक परकीयास क्षम्य मानणारा श्रोता औचित्याची चूक सहजासहजी क्षम्य मानीत नाही. म्हणून हा अंश गौण समजणे धोक्याचे आहे.

४. ठेवण

वाक्संप्रदायातील शब्द कितपत हलविता येतात, हा आधुनिक भाषाविज्ञानात बराच चर्चिला गेलेला प्रश्न आहे. ब्रूस फ्रेझर यांनी १९७० साली वाक्संप्रदायांच्या गोठलेपणाची चढती श्रेणी मांडली. पुढे १९९४ साली नुनबर्ग, सॅग व वॅसो यांनी असे दाखविले, की ज्या वाक्संप्रदायाचा अर्थ त्याच्या घटकांत वाटून देता येतो तो अधिक लवचीक असतो. 'स्पिल द बीन्स' म्हणजे गुपित फोडणे. येथे 'सांडणे' म्हणजे उघड करणे आणि 'घेवडे' म्हणजे गुपित, अशी वाटणी होऊ शकते, आणि म्हणून कर्मणी रचनाही चालते. 'किक द बकेट' मध्ये 'बादली'च्या वाट्याला कोणताच अर्थ येत नाही; म्हणून त्याचा कर्मणी प्रयोग केला की मरण नाहीसे होते आणि खरीखुरी बादली उरते. मराठीतही असेच आहे. 'बिंग फोडणे' यावरून 'बिंग फुटले' होते. परंतु 'त्याने राम म्हटला' याऐवजी 'त्याच्याकडून राम म्हटला गेला' असे म्हटले, तर ते नामस्मरण होईल, मरण नव्हे.

मराठी अभ्यासकास ठेवणीच्या बाबतीत दोन खास अडचणी येतात. पहिली उपपदांची. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नसल्याने 'द' हा शब्द त्यास शोभेचा वाटतो. परंतु 'टेक प्लेस' म्हणजे घडणे, आणि 'टेक द प्लेस ऑफ' म्हणजे एखाद्याची जागा घेणे. दुसरी अडचण स्वामित्वदर्शक सर्वनामांची. मराठीत 'तिने नाक मुरडले' एवढे पुरते. नाक कोणाचे, हे सांगावे लागत नाही. इंग्रजीत 'शी टर्न्ड अप हर नोज' असे सर्वनामासहितच म्हणावे लागते. यादीतील 'वन्स' हा शब्द म्हणजे प्रत्येक वाक्यात भरावयाची रिकामी जागा आहे, हे सांगितले न गेल्याने विद्यार्थी तो गाळतो, किंवा जसाच्या तसा ठेवतो.

५. मातृभाषेचे साहाय्य आणि चकवा

मातृभाषेतील वाक्संप्रदाय कित्येकदा वाट दाखवितात. 'डोळ्यांत धूळ फेकणे' व 'नाक मुरडणे' यांना इंग्रजीत जवळजवळ हुबेहूब प्रतिरूपे आहेत. शिवाय इंग्रजीच्या सहवासाने मराठीत कितीतरी प्रयोग भाषांतरित होऊन रुळले आहेत. 'हिमनगाचे टोक' हा प्रयोग हिमनग कधीही न पाहिलेल्या सह्याद्रीच्या प्रदेशात जन्मला नाही, हे उघड आहे. 'पांढरा हत्ती' तर अधिक उद्बोधक आहे. ऐरावताच्या शुभ्रतेस मंगल मानणाऱ्या परंपरेतच, इंग्रजीच्या द्वारे, पांढरा हत्ती हा डोईजड खर्चाचे प्रतीक होऊन बसला आहे.

मात्र या सुकर देवघेवीमुळेच अभ्यासक गाफील राहतो, आणि सारख्या शब्दांचा अर्थही सारखाच असेल असे धरून चालतो. पुढील तीन उदाहरणे पाहावीत.

'टु पुल समवन्स लेग' म्हणजे एखाद्याची गमतीने फिरकी घेणे. मराठीतील 'पाय ओढणे' म्हणजे दुसऱ्याच्या उत्कर्षात अडथळा आणणे. पहिल्यात लोभ असू शकतो; दुसऱ्यात मत्सरच असतो.

'टु कीप अॅन आय ऑन' म्हणजे लक्ष ठेवणे, राखण करणे. मराठीत एखाद्या वस्तूवर 'डोळा ठेवणे' म्हणजे तिचा अभिलाष धरणे. इंग्रज गृहस्थ शेजाऱ्यास आपल्या घरावर डोळा ठेवण्याची विनंती करून निश्चिंतपणे प्रवासास जातो. मराठी गृहस्थाची अशाने झोप उडेल.

'टु वॉश वन्स हँड्स ऑफ' याचा अर्थ एखाद्या प्रकरणाची जबाबदारी नाकारून मोकळे होणे. याचे मूळ बायबलात आहे: मॅथ्यूच्या शुभवर्तमानानुसार रोमन अधिकारी पिलात याने लोकांसमोर पाण्याने हात धुऊन येशूच्या वधाचे उत्तरदायित्व झटकले. मराठीत 'हात धुऊन पाठीस लागणे' म्हणजे पिच्छा न सोडणे, आणि 'हात धुऊन घेणे' म्हणजे संधी साधून लाभ उठविणे. इंग्रजीत हात धुणारा प्रकरणापासून दूर जातो. मराठीत तो अधिक जवळ येतो. त्यागाचा भाव मराठीतही पाण्यानेच व्यक्त होतो, पण तो 'पाणी सोडणे' या वेगळ्या प्रयोगाने, आणि त्यामागे दानाच्या वेळी हातावरून उदक सोडण्याचा विधी आहे. पाणी एकच, परंतु दोन समाजांच्या धर्माचारांनी त्यास दोन वेगळे अर्थ दिले. वाक्संप्रदायांचा तौलनिक अभ्यास हा संस्कृतीचाही अभ्यास ठरतो, तो असा.

६. दुर्लक्षित प्रांत

आतापर्यंत चित्रमय प्रयोगांचा विचार झाला. परंतु रोजच्या इंग्रजीत ज्यांचा सुळसुळाट असतो ते वाक्संप्रदाय चित्रमय नसतात; ते साध्या क्रियापदास लहानसे अव्यय जोडून बनलेले असतात. 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझविणे, 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. डॉ. जॉन्सन यांनी आपल्या १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेतच, परकीयांना सर्वाधिक अवघड जाणारा वर्ग म्हणून यांचा निर्देश केला होता. आपला विद्यार्थी ते टाळून लॅटिनोद्भव भारदस्त शब्द निवडतो, आणि त्याचे बोलणेही सरकारी खलित्यासारखे वाटू लागते.

येथे मातृभाषा एक अनपेक्षित साहाय्य करू शकते. इंग्रजी जे काम अव्ययाकडून करून घेते, ते मराठी पुष्कळदा दुसऱ्या क्रियापदाकडून करून घेते. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'गिव्ह अवे' म्हणजे देऊन टाकणे, 'ब्रेक ऑफ' म्हणजे तोडून टाकणे. 'टाकणे' या क्रियापदाने येथे फेकण्याचा अर्थ सोडून क्रियेच्या पूर्णतेचा अर्थ घेतलेला आहे. अर्थात एका 'टाकणे'साठी इंग्रजीत 'अप', 'अवे' व 'ऑफ' अशी तीन अव्यये आली, यावरून ही जुळणी यांत्रिक नाही हेही स्पष्ट होते. तरी अशा रचनेमागील तत्त्व आपल्या भाषेत आहे, एवढे कळले तरी अभ्यासकाची भीती पुष्कळ कमी होते.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून वाक्संप्रदायाच्या ज्ञानाची चार अंगे निष्पन्न होतात: अर्थ, ठेवण, प्रसंग, आणि मातृभाषेतील सदृश प्रयोगाशी असलेले साम्य-वैषम्य. दोन रकान्यांची वही यांपैकी केवळ पहिल्या अंगाची सोय करते. ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमधील अध्यापनाच्या अनुभवातून सिद्ध केलेला आणि १९४२ साली तेथे निघालेला कोश रचनेसह अर्थ देण्याचा पायंडा पाडून गेला. परकीय विद्यार्थी कोठे अडखळतो हे पाहून तो रचला गेला होता. मराठी विद्यार्थी कोठे अडखळतो, हे मात्र मराठी जाणणाऱ्यानेच पाहावयास हवे. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशा'सारखे साधन आपल्या हाताशी आहे. त्यातील सामग्री इंग्रजी प्रयोगांशेजारी ठेवून, विशेषतः फसव्या साम्याच्या जोड्यांचा, एक तौलनिक संग्रह करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आणि खरोखर उपयोगाचे संशोधनकार्य आहे.

तोपर्यंत एक साधा नियम पाळता येईल. वाक्संप्रदाय यादीतून पाठ करू नये. वाचनात तो निदान दोन वेळा, दोन भिन्न प्रसंगी भेटू द्यावा, आणि ती दोन्ही वाक्ये तो कोण कोणास उद्देशून बोलला यासह टिपून ठेवावीत. असे दोनदा भेटलेले वीस प्रयोग पाठ केलेल्या दोनशेंपेक्षा अधिक कामास येतात. कारण ते केव्हा वापरावेत याबरोबरच केव्हा वापरू नयेत, हेही अभ्यासकास ठाऊक झालेले असते.