अनेक तक्रारींचा एक रोग

आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. कामगारांच्या आजारपणाच्या रजेचे अर्ज लिहिता लिहिता जे वाचावे लागले, जाणत्यांना विचारावे लागले, तेवढ्या भांडवलावर पार्ल्याच्या चोखंदळ श्रोत्यांपुढे हा विषय मांडीत आहोत.

समजा, मरोळच्या एखाद्या कारखान्यात वाळूच्या फवाऱ्याने लोखंड घासणारा पन्नाशीचा गृहस्थ आहे. दोन महिने त्याचे नाक चोंदलेले, रक्ताच्या खपल्या पडतात. मग सांधे धरतात, डोळा लाल होतो. पायांवर जांभळे ठिपके उठतात आणि एके सकाळी उजवे पाऊल उचलेनासे होते. नाकाचा डॉक्टर निराळा, डोळ्यांचा निराळा, हाडांचा निराळा. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर असतो. परंतु पाच केसपेपर एका टेबलावर येत नाहीत.

या साऱ्यांच्या मुळाशी व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे रक्तवाहिन्यांचा दाह, असू शकतो. शरीराचे संरक्षक दलच वाहिनीच्या भिंतीवर उठते. भिंत सुजते, वाट अरुंद होते किंवा फुटते, आणि पुढचा अवयव उपाशी राहतो. पाऊल पडले ते मज्जातंतूला रक्त पुरविणारी बारीक वाहिनी बुजल्यामुळे. १८६६ साली जर्मनीत कुसमाऊल आणि मायर यांनी या जातीच्या एका रोगाचे वर्णन केले. त्यांचा रोगी सत्तावीस वर्षांचा शिंपीकामगार होता. १९०८ मध्ये जपानच्या ताकायासूंनी वर्णिलेला रोग मोठ्या धमन्यांचा. तो बहुधा तरुण स्त्रियांना होतो. एका हाताची नाडीच लागत नाही. अशा वेळी दोन्ही हातांचा रक्तदाब पाहावयास हवा.

आमच्या गृहस्थाचा दाह मात्र बारीक वाहिन्यांचा. येथे सर्वांत मोलाची तपासणी सर्वांत स्वस्त आहे: लघवीची. मूत्रपिंड दुखत नाही, तक्रार करीत नाही, आणि काही आठवड्यांत निकामी होऊ शकते. लघवीत रक्त व प्रथिने दिसली, रक्तातील क्रिएटिनिन चढू लागले, तर थांबावयास वेळ नाही.

मग छातीचा फोटो. त्यात पोकळी दिसली, खोकल्यातून रक्त पडले, ताप आहे, वजन उतरले, की आपल्याकडे प्रथम क्षयच आठवतो, आणि आठवावाच. थुंकी तपासलीच पाहिजे. कारण दाहावरील स्टिरॉइड दिले आणि आत क्षय असला तर तो भडकेल. उलट थुंकीत जंतू सापडत नसता नुसती क्षयाची औषधे चालू ठेवावीत, तर तोवर मूत्रपिंडे जातात. हृदयाच्या झडपेवरील जंतुसंसर्ग, कावीळ ब आणि क, एखादे औषध, कर्करोग हेही असाच वेष घेतात. त्यांना वगळावे लागते.

१९८५ पासून 'अँका' नावाची रक्ताची चाचणी या निदानाच्या कामी येऊ लागली. ती उपयुक्त खरी, पण क्षयातही कधी कधी ती होकारार्थी येते, आणि खऱ्या रोग्यात नकारार्थीही येऊ शकते. म्हणून जमेल तेथे मूत्रपिंडाचा, कातडीचा किंवा नाकातील तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मात्र रोगी खालावत असेल तर अहवालाची वाट पाहत उपचार अडवून ठेवीत नाहीत.

एक गोष्ट आमच्या धंद्याची म्हणून सांगतो. सिलिकाच्या धुळीचा या दाहाशी संबंध असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असे इटलीचा रामाझिनी १७०० सालीच सांगून गेला. आमच्याकडील केसपेपरावर त्या रकान्यात 'नोकरी' एवढेच लिहिलेले पुष्कळदा पाहिले आहे. नोकरी कसली? वाळूची, दगडाची, की ओतकामाची? हे रोग्याने न विचारता सांगावे. कोणती तक्रार कोणत्या तारखेला सुरू झाली ते एका वहीत लिहावे आणि प्रत्येक डॉक्टरपुढे तीच वही ठेवावी.

पूर्वी उपचाराविना या रोगाच्या उग्र प्रकारात बहुतेक रोगी वर्षाच्या आत दगावत. आता स्टिरॉइडबरोबर सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब देतात आणि बहुतेकांचा दाह आटोक्यात येतो. तो परत उलटण्याची खोड मात्र जात नाही. कामावर रुजू झालेल्या माणसालाही लघवी-रक्ताच्या तपासणीसाठी वर्षानुवर्षे सुटी लागते.