पानेत्तोने: मिलानचा नाताळ

मिलानचा हा उंच, घुमटाकार गोड पाव आता साऱ्या इटलीच्या नाताळात असतो. २००५च्या इटालियन नियमानुसार त्याचं पीठ नैसर्गिक विरजणाने आंबवायचं. लोणी किमान १६ टक्के, बेदाणे आणि साखरेत मुरवलेल्या फळांच्या साली किमान २० टक्के. अंड्याचा बलकही सक्तीचा. भट्टीतून काढल्याबरोबर बुडाशी सळया खुपसून तो कित्येक तास उलटा टांगतात, नाहीतर गरम घुमट खाली बसतो. काय सुंदर युक्ती आहे ही! इटालियन स्थलांतरितांबरोबर तो पेरूत पोचला. तिथे नाताळात हॉट चॉकलेटसोबत खातात. मिलानकर एक तुकडा ३ फेब्रुवारीच्या सान ब्याजो या संताच्या दिवसासाठी राखतात; त्याने घसा वर्षभर ठणठणीत राहतो, अशी श्रद्धा. विकत घेताना वेष्टनावरचे घटक जरूर वाचा. लोण्याऐवजी वनस्पती तेल दिसलं, तर तो पानेत्तोने नव्हे.