पैसे भरून नेमबाजीचा 'अनुभव' : पोरांना नेण्याआधी एवढं समजून घ्या

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. साहजिकच गावातली पोरंही 'एकदा रायफल धरून बघायचीय' म्हणतात. शहरांतल्या काही खासगी शूटिंग रेंजवर नवख्यांना पैसे भरून ही संधी मिळते. पण तिथं नेमकं काय मिळतं?

तिथं काय करायला देतात?
नवख्यांच्या हाती बहुतेक वेळा १० मीटरची एअर रायफल देतात. ती हवेच्या दाबावर चालते, छर्रा ४.५ मिमीचा असतो. आधी सुरक्षेचे नियम सांगतात : नळी कायम निशाणाकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. मग टेबलावर रायफल टेकवून ठरावीक छर्रे मारायला देतात. छर्रे शिशाचे असतात, म्हणून नंतर हात साबणाने धुवायचेच.

खरी स्पर्धा किती वेगळी?
स्पर्धेत टेकू नसतो. साडेपाच किलोपर्यंतची रायफल उभ्यानं पेलून ७५ मिनिटांत ६० नेम मारायचे. दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे बाजरीच्या दाण्याहून लहान. त्यामुळे टेबलावर टेकवून नेम चांगला लागला म्हणजे पोरगं ऑलिंपिकला निघालं, असं समजू नये. मात्र पोराला गोडी आहे का, ते शांत उभं राहतं का, सांगितलेलं ऐकतं का, हे एका तासात कळतं. स्पर्धेची रायफल लाखाच्या पुढं जाते. ती घेण्याआधी एवढी पारख स्वस्तातच पडते.

सर्टिफिकेटचं काय?
काही ठिकाणी शेवटी छापील सर्टिफिकेट देतात. ते भिंतीवर लावायला ठीक. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी ते चालत नाही. त्यासाठी शासनानं ठरवलेल्या दर्जाच्या स्पर्धेतली कामगिरी लागते.

पैसे भरण्याआधी विचारा
– पैसे तासावर की छर्ऱ्यांवर?
– शिकवणारा स्वतः स्पर्धा खेळलाय का?
– प्रत्येक नवख्याजवळ माणूस उभा राहतो का?
– पुढं नियमित सराव करायचा तर महिन्याची फी किती, रायफल रेंजची मिळते का?

गोडी लागलीच, तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचणीची चौकशी करा. स्वप्नील शासनाच्या याच प्रबोधिनीतून घडले.