उघडं तोंड म्हणजे मठ्ठपणा नव्हे

वर्गात एखादं मूल सारखं आ वासून बसलेलं दिसतं. ओठ फुटलेले, नाकाखाली सुकलेला शेंबूड, डोळ्यांवर झापड. त्याला ‘तोंड मिट’ असं दटावलं जातं, पण त्याचं नाक कुणी तपासत नाही.

गैरसमज : ही वाईट खोड आहे, रागावलं की जाते.
वस्तुस्थिती : बहुतेक वेळा नाक चोंदलेलं असतं, म्हणून तोंड उघडतं. अ‍ॅलर्जीची सर्दी, वाढलेले टॉन्सिल किंवा नाकाच्या मागच्या बाजूची अ‍ॅडिनॉइडची गाठ ही नेहमीची कारणं. नाक मोकळं झाल्यावरही काही मुलांची सवय टिकते, पण ती पुढची गोष्ट. तोंड मिटावं म्हणून त्याला चिकटपट्टी लावणं तर धोक्याचं.

गैरसमज : असं मूल अभ्यासात मठ्ठच असतं.
वस्तुस्थिती : रात्रभर घोरणाऱ्या मुलाची झोप पुरी होत नाही. मग ते दिवसा पेंगतं, चिडतं. अ‍ॅडिनॉइड वाढल्यास कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकूही कमी येतं. ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळालेल्या मुलाला कदाचित बाईंचं बोलणं नीट ऐकूच येत नसेल.

गैरसमज : याचा घरच्या परिस्थितीशी संबंध नाही.
वस्तुस्थिती : नाक कुणाचंही चोंदतं, पण ते किती दिवस चोंदलेलं राहणार, हे बऱ्याचदा घरची मिळकत ठरवते. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाणा भागातल्या कारखान्यांत राबणारं कुटुंब भाड्याच्या एका खोलीत राहत असेल, तर स्वयंपाक तिथेच, झोपणं तिथेच, डासांची कॉइलही तिथेच. भिंतींना ओल, त्यात कुणाची विडी. एकाची सर्दी सगळ्यांना लागते. २०१६ च्या उज्ज्वला योजनेमुळे अनेक घरांत गॅस आला. पण सिलिंडर भरायला पैसे नसले की पुन्हा चूल पेटते. बाहेरची हवाही बरी नाही : राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत हे शहर आहे.

गैरसमज : मोठेपणी आपोआप बरं होतं, इलाज परवडणार नाही.
वस्तुस्थिती : अ‍ॅडिनॉइड वयात येताना आक्रसतात. तोवर मात्र टाळू अरुंद होऊन दात वेडेवाकडे येऊ शकतात. सरकारी घाटी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, शहरात शासकीय दंत महाविद्यालयही आहे. खरी अडचण खाड्याची : ओपीडीत दिवस गेला की रोज बुडतो.

म्हणूनच शाळेवर मोठी जबाबदारी येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी करतं. ते येण्याआधी शिक्षकांनी पालकांना एवढंच विचारावं : मूल घोरतं का? झोपेत तोंड उघडं असतं का? घरी थंड स्टीलची ताटली नाकाखाली धरून दोन्ही नाकपुड्यांची वाफ धरते का, हेही बघता येतं. ‘हो, रोज घोरतं’ असं उत्तर आलं, तर त्या मुलाचं नाव पथकाच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि कारखान्यांनी अशा मुलांच्या पालकांना एक दिवसाची पगारी सुटी द्यावी; मुलाचा श्वास मोकळा होण्यासाठी एवढी किंमत फार नाही.