अपहरणाची शिक्षा सात वर्षे की फाशी? कायद्यातील फरक नेमका कोठे?

बंगळुरू : जनता दल (धर्मनिरपेक्ष)चे आमदार एच. डी. रेवण्णा यांना विशेष तपास पथकाने ४ मे २०२४ रोजी बंगळुरूत अटक केली, तेव्हा गुन्ह्यात भारतीय दंड संहितेचे कलम ३६४-ए लावण्यात आले होते. पुत्र प्रज्वल रेवण्णा यांच्याविरुद्ध एका महिलेने तक्रार करू नये यासाठी तिला डांबून ठेवल्याचा हा आरोप होता. रेवण्णा यांनी तो फेटाळला. खंडणीची मागणीच नसल्याने हे कलम लागू होत नाही, असा युक्तिवाद बचाव पक्षाने केला. विशेष न्यायालयाने १३ मे रोजी त्यांना जामीन दिला.

वाद एका कलमाचा असला तरी त्यावर बरेच काही अवलंबून असते. एखाद्याला गुप्तपणे डांबून ठेवण्याच्या हेतूने पळवून नेल्यास कलम ३६५ नुसार कमाल सात वर्षांचा कारावास होतो. कलम ३६४-ए मध्ये मात्र मृत्युदंड किंवा जन्मठेप, हे दोनच पर्याय आहेत.

या कलमाचा उल्लेख सर्रास ‘खंडणीसाठी अपहरण’ असा होतो. तो अपुरा आहे. सरकारला किंवा अन्य कोणालाही एखादी कृती करण्यास अथवा न करण्यास भाग पाडणे, हा हेतूही त्यात येतो. पैशांची मागणी झालीच पाहिजे असे नाही.

उलट, केवळ पैसे मागितल्यानेही हे कलम सिद्ध होत नाही. तेलंगणातील एका शाळकरी मुलाच्या अपहरणात दोन लाख रुपये मागितले गेले होते. मात्र मुलाला ठार मारण्याची किंवा इजा करण्याची धमकी सिद्ध झाली नाही. प्रत्यक्ष इजा किंवा तशी वाजवी भीती निर्माण करणारे वर्तनही आढळले नाही. त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये ‘शेख अहमद’ खटल्यात जन्मठेप रद्द करून आरोपीला कलम ३६३ खाली सात वर्षांची शिक्षा दिली.

भारतीय न्याय संहितेत या तरतुदी कलम १३७ ते १४० मध्ये आहेत. ३६४-ए ची जागा आता कलम १४०(२) ने घेतली असून शिक्षा तीच आहे. बदल झाला तो वयात. पालकांच्या ताब्यातून पळवून नेण्याच्या गुन्ह्यात पूर्वी मुलासाठी १६ आणि मुलीसाठी १८ वर्षांची मर्यादा होती. आता दोघांसाठीही ती १८ आहे. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाल्याने त्यापूर्वीच्या घटनांना, म्हणजे रेवण्णा यांच्यावरील आरोपांनाही, जुनीच कलमे लागू राहतात.